नाशिकमध्ये चौघांच्या घरासाठी स्लो कुकर घ्यायचाय. किती लिटरचा, आणि त्यात काय चांगलं होतं?

साडेतीन लिटरचा घ्या, आतलं चिनी मातीचं भांडं सुटं निघणारा. भांडं निदान अर्धं भरलेलं असावं लागतं, म्हणून पाहुण्यांच्या हिशेबाने सहा लिटरचा घेऊ नका. आमच्याकडे तीन वर्षं वापरात आहे, त्यावरून सांगते. काळ्या मसाल्याचं मटण त्यात सगळ्यात भारी होतं. कांदा-खोबऱ्याचं वाटण आधी कढईत तेल सुटेपर्यंत परता, कारण स्लो कुकरमध्ये काही खरपूस होत नाही. मग 'लो'वर सात-आठ तास. पाणी नेहमीपेक्षा बरंच कमी घाला. वाफ झाकणाला लागून परत आतच टपकते. पाया, भिजवलेले छोले हेही छान. मिसळीची मटकी मात्र नको, पार लगदा होतो. वरणभाताला आपला शिट्टीवालाच बरा.

एक जपा: राजमा स्लो कुकरमध्ये थेट टाकू नका. भिजवून, ते पाणी फेकून, नव्या पाण्यात गॅसवर १० मिनिटं खळखळून उकळा, मगच कुकरमध्ये. नुसत्या मंद आचेवर त्यातलं विषारी द्रव्य जात नाही, उलट्या होतात.