पांढरीच्या मातीचा भाव ब्रासवर ठरत नाही

तुमचा प्रश्न असा: गावाजवळची पांढरी (जुन्या वस्तीच्या अवशेषांची पांढरट मातीची टेकाडी) कुणीतरी जेसीबी लावून खरवडून नेली, खाली खापरं आणि मणी विखुरलेत, प्रकरण कोर्टात गेलं तर नुकसान किती रुपयांचं सांगायचं?

मी पुरातत्त्व शिकलो, काही वर्षं गावोगाव सर्वेक्षणं केली. अशाच एका खड्ड्याचा पंचनामा होताना मी उभा होतो. कागदावर आलं, 'माती, इतके ब्रास' (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). गौण खनिज (माती, मुरूम, वाळू यांसारखं) म्हणून ते नियमाला धरूनच होतं. महसूल संहितेच्या कलम ४८(७) प्रमाणे बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होतो. पण १०० घनफूट मुरूम आणि १०० घनफूट पांढरी त्या कागदावर एकच झाली. ते मला आजही सलतं.

पांढरीत किंमत असते ती वस्तू कुठल्या थरात, कशाशेजारी होती याची. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावच्या उत्खननात घरांच्या जमिनीखाली दोन कुंभ तोंडाला तोंड लावून पुरलेले मिळाले, आत लहान मुलांची हाडं. तीन हजार वर्षांपूर्वीचे आईबाप मूल गेल्यावर काय करत, हे त्यातून कळलं. बकेटमधून आले असते तर त्यांची नुसती खापरं झाली असती. अहिल्यानगर (अहमदनगर) जिल्ह्यातल्या दायमाबादला १९७४ मध्ये रथ, हत्ती, गेंडा आणि म्हैस अशा ब्राँझच्या वस्तू मिळाल्या. त्या शाबूत आहेत, पण शास्त्रीय उत्खननाबाहेर सापडल्यामुळे त्यांच्या काळाबद्दल अभ्यासकांत वाद झाले.

हे गेलेलं ज्ञान रुपयांत मांडायची सगळ्यात पटण्याजोगी रीत मला अमेरिकेच्या १९७९ च्या पुरातत्त्व संरक्षण कायद्यात दिसते. नासधूस व्हायच्या आधी तिथून जी शास्त्रीय माहिती मिळू शकली असती, ती रीतसर मिळवायला किती खर्च आला असता, हे तिथे मोजतात. खड्ड्याची लांबी, रुंदी, खोली घेऊन किती घनमीटर थर गेला ते काढायचं. मग तेवढंच उत्खनन नियमाने करायला लागणारी योजना, मजुरी, चाळणी, रेखाटनं, प्रयोगशाळेतल्या तपासण्या, अहवाल, सगळं धरायचं. दुरुस्तीचा खर्च वेगळा. वस्तूंचा बाजारभावही तो कायदा विचारात घेतो, पण फुटक्या खापराला बाजारात भाव कुठला? त्यावर विसंबलं तर नुकसान शून्यच येईल. 'तिथे कोण खणणार होतं?' असं समोरचा वकील विचारेल. खणणार होतं की नाही, हा मुद्दाच नाही. खणून काही कळण्याची सोय कायमची गेली, हे नुकसान.

माणसांचंही नुकसान असतं. आफ्रिकेतल्या माली देशातल्या टिंबक्टू शहराच्या समाधिस्थळांच्या विध्वंसाबद्दल आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने २०१७ मध्ये २७ लाख युरोंची भरपाई ठरवली. त्यात इमारतींचे फक्त ९७,००० होते, २१.२ लाख लोकांच्या आर्थिक हानीचे आणि ४.८३ लाख मानसिक हानीचे. माली देशाला आणि युनेस्कोला प्रतीक म्हणून एकेक युरो.

आपल्याकडे केंद्रसंरक्षित स्मारकाची नासधूस केली तर १९५८ च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्याच्या कलम ३० प्रमाणे दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. तुमची पांढरी संरक्षित यादीत आहे का, ते आधी बघा. यादीत नसली, तरी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२४ मध्ये आगळिकीची (जाणूनबुजून मालमत्तेचं नुकसान करण्याची) शिक्षा नुकसानीच्या रकमेवर चढते: २०,००० ते एक लाखाच्या आत दोन वर्षांपर्यंत, एक लाख आणि वर पाच वर्षांपर्यंत. म्हणून तज्ज्ञाचा हिशोब तक्रारीला जोडायलाच हवा, असं माझं ठाम मत आहे.

आत्ता एवढं करा. खापरं गोळा करू नका, खड्डा बुजवू देऊ नका. कडेला मोजपट्टी धरून चारी भिंतींचे फोटो काढा, थरांचे रंग दिसले पाहिजेत. माती कुठे टाकली तेही शोधा, त्या ढिगातून अजून बरंच चाळून मिळतं. जमेल तर ढिगावर ताडपत्री घाला, आणि हे पावसाआधी.