मुलांची पुस्तकं: तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

मुलांच्या पुस्तकांबद्दल प्रश्न पाठवा, असं गेल्या अंकात म्हटलं होतं. बऱ्याच पत्रांत ‘वाचनाची गोडी कशी लावावी’ एवढंच होतं. त्याला एका परिच्छेदात उत्तर देणारा माणूस थापा मारतो असं समजावं. ज्यांना नेमकं काही सांगता येईल असे प्रश्न इथे घेतले आहेत.

मुलगी पहिलीत, इंग्रजी माध्यमात आहे. घरी मराठी घडाघडा बोलते, पण मराठी पुस्तक समोर धरलं की पळ काढते. बडबडगीतं तिला ‘बाळांची’ वाटतात. काय आणू? (एक आई, कांदिवली)

बोलता येतंय म्हणजे भाषेची भीती नाही, अक्षरांच्या गर्दीची आहे. दुकानात पुस्तकाचं मुखपृष्ठ पाहून ठरवू नका, मधलंच एखादं पान उघडा. शिरोरेघेपासून खाली ‘क’ निदान चार मिलिमीटर उंच हवा. पानावर दोन ते चार ओळी पुरेत आणि ओळ अर्थ धरून तुटलेली हवी. ‘मनी दुधाच्या’ एका ओळीत आणि ‘भांड्याकडे गेली’ पुढच्या ओळीत, असं असेल तर नवशिकं मूल तिथे अडखळणारच.

जोडाक्षरं अजिबात नसलेलं पुस्तक शोधू नका. ‘त्या’, ‘म्हणाला’, ‘तिच्या’ यांच्याशिवाय धड गोष्ट सांगता येत नाही, आणि ती टाळून रचलेली वाक्यं कोणी घरात बोलत नाही. इंग्रजी माध्यमातली मुलं खरी अडतात ती तीन ठिकाणी. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी दिसते आणि उच्चार नंतर येतो. ‘सूर्य’मधला रफार ‘य’च्या डोक्यावर बसतो, पण वाचायचा त्याच्या आधी. तिसरा ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’मधला अर्धा र. ही तीन पाटीवर आठवडाभर खेळून घ्या, निम्मी लढाई संपते. आणखी एक पाहायचं: ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे आहेत ना? हिंदीसाठी केलेला टंक (फॉन्ट) वापरून छापलेल्या पुस्तकांत ते वेगळे दिसतात, आणि अक्षरओळख ताजी असलेलं मूल त्यांना नवीन अक्षरं समजतं.

‘बाळांची’ ही तिची तक्रार रास्त आहे. मजकूर थोडा, पण चित्रं आणि विषय सहा-सात वर्षांच्या मुलाला शोभणारे, असं पुस्तक हवं. ज्योत्स्ना प्रकाशनाची चित्रपुस्तकं आणि नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालयातली पुस्तकं दादर पश्चिमेला स्टेशनाजवळच्या दुकानांत चाळून बघा. पुढे दोन वर्षांनी बालभारतीचं ‘किशोर’ मासिक आहेच. ते १९७१ पासून निघतं आणि जुने अंक बालभारतीने इंटरनेटवर फुकट ठेवले आहेत.

वाचताना वाटणी करा: निवेदन तुम्ही वाचायचं, आणि दर पानावर परत येणारं वाक्य तिने. एका पानात पाचाहून जास्त शब्दांवर अडली तर ते पुस्तक सध्या तुमच्या तोंडून ऐकायचं. परत करायचं कारण नाही.

महापालिकेच्या शाळेत तिसरीचा वर्ग, ४० मुलं. प्रत्येकाने स्वतःचं पुस्तक करावं असं मनात आहे. खर्चाला पैसे नाहीत. (एक शिक्षिका, कुर्ला)

एका कागदाचं आठ पानी पुस्तक करा. त्याला डिंकही लागत नाही नि स्टेपलरही. ए-फोर कागद ७० ते ८० जीएसएमचा, म्हणजे झेरॉक्सचा साधाच. ४० मुलांना ५० कागद धरा, कारण दहा फुकट जातातच. जाड ड्रॉइंग पेपरचा मोह टाळा. शंभर जीएसएमच्या पुढे घड्या फुगतात आणि काप गेलेल्या जागी कागद फाटायला लागतो. कात्र्या आठ पुरतात.

कागद आडवा ठेवायचा. लांब कडेवर लांब कड, घडी, उघडा. आखूड कडेवर आखूड कड, घडी, उघडा. मग दोन्ही आखूड कडा मधल्या घडीवर आणून दुमडा आणि उघडा. आठ चौकोन दिसतील. आता पुन्हा आखूड कडा जुळवून कागद अर्धा करा. एका बाजूला घडी असेल, दुसरी बाजू मोकळी. घडीच्या बाजूने, मधल्या आडव्या रेषेवरून कापायला लागायचं आणि पहिली उभी घडी आली की थांबायचं, म्हणजे साधारण साडेसात सेंटिमीटरवर. कागद उघडला की पोटात पंधरा सेंटिमीटरची फट दिसते. लांबीत घडी घालून दोन्ही टोकं हातात धरा आणि एकमेकांकडे ढकला. फट उघडते, वरून बघितलं तर अधिकाचं चिन्ह तयार होतं. पानं एका दिशेने गुंडाळली की पुस्तक झालं. पान सुमारे साडेसात बाय साडेदहा सेंटिमीटरचं, शर्टाच्या खिशात मावणारं.

बिघडतं ते दोन ठिकाणी. काही मुलं मोकळ्या बाजूने कापतात. मग कडा सुटतात, मध्ये जोड राहतो आणि पुस्तक मिटत नाही. म्हणून कापण्याआधी सगळ्यांना घडीवर पेन्सिलीने फुली मारायला सांगा, वर्गातून एक फेरी मारा, आणि मगच कात्र्या वाटा. दुसरा घोटाळा पानांच्या क्रमाचा. उघड्या कागदावर खालची ओळ डावीकडून ६, ७, ८, १ अशी येते आणि वरची उलटी, ५, ४, ३, २. हे फळ्यावर समजावत बसलात तर तास संपेल. आधी कोरं पुस्तक करून घ्या, मिटलेल्या पुस्तकातच पेन्सिलीने १ ते ८ आकडे घाला, मग कागद उघडून चित्रं काढा. आकडा सरळ दिसेल तसा कागद फिरवायचा, एवढी एकच सूचना पुरते. कागद उघडून काम केल्याने रंगही पलीकडच्या पानाला लागत नाही. स्केचपेन पातळ कागदातून फुटलं तरी चालतं, कारण मागची बाजू घडीच्या आत जाते.

एका तासात घड्या नि आकडे, दुसऱ्यात मजकूर. दोन्ही एकाच तासात कोंबू नका.

विषय ‘माझा आवडता प्राणी’ देऊ नका, चाळीस वाघ येतील. ‘घरापासून शाळेपर्यंत’ द्या. पान १ मुखपृष्ठ, ८ वर लेखकाचं नाव नि एका वाक्यात परिचय, मधल्या सहा पानांत रस्त्यात लागणाऱ्या सहा गोष्टी: रेल्वेचा पूल, वडापावची गाडी, भुंकणारा कुत्रा, काय असेल ते. सहा वाक्यं लिहायला भिणारं मूल एका पानावर एक वाक्य सहज लिहून जातं. निबंधाच्या वहीत तेच मूल पेन चावत बसतं, कारण तिथे पान संपतच नाही. नमुना म्हणून तुमचं स्वतःचं पुस्तक आधी दाखवू नका. दाखवलंत तर चाळीस जण तुमचाच रस्ता काढतील.

झालेली पुस्तकं बुटाच्या खोक्यात उभी लावा, आतल्या बाजूला नाव-तारखेचा कागद चिकटवा आणि मुलांना एकमेकांची घरी न्यायला द्या.

नातू पाच वर्षांचा. रंगवायच्या पुस्तकांचा ढीग झाला आहे. सून म्हणते, याने डोकं चालेनासं होतं. मला तो तासभर शांत बसतो हेच पुष्कळ वाटतं. (एक आजोबा, गिरगाव)

शांत तास पुष्कळच आहे, तो सोडू नका. रंगवण्याने हाताला वळण लागतं, खडू किती दाबायचा ते कळतं. डोकं बंद पडत नाही, पण डोक्याला कामही मिळत नाही, कारण हत्ती कुठे उभा राहणार ते छापणाऱ्याने आधीच ठरवलेलं असतं. तेव्हा ढीग संपू द्या आणि नवीन आणण्याऐवजी पानं तुम्हीच करून द्या. कोऱ्या कागदावर पट्टीने चाळीचे तीन मजले आखा, प्रत्येक मजल्यावर तीन रिकाम्या खिडक्या. आत काय चाललंय ते तो काढील. किंवा वर्तमानपत्रातलं बसचं चित्र मधोमध कापा, अर्धं चिकटवा, उरलेली बस त्याची.

पहिली खिडकी मात्र ‘अशी काढ’ म्हणून तुम्ही भरू नका, नाहीतर बाकीच्या आठांत तेच येईल. काढून झालं की ‘वा, छान’ म्हणून पेपरात डोकं घालण्यापेक्षा ‘या खिडकीत काय झालं?’ असं विचारा. तो सांगेल ते त्याच्याच शब्दांत चित्राखाली लिहा. ‘काकू चिडली कारण दूध गेलं’ असं म्हणाला तर ‘दूध उतू गेलं’ असं दुरुस्त करू नका. दुसऱ्या दिवशी त्याला ते वाचून दाखवलं की आपण बोललेलं कागदावर टिकतं, हे त्याला कळतं. लिहिण्याची सुरुवात तिथूनच होते. खडू जाड मेणाचे घ्या, कागद ए-थ्री, आणि टेबलाऐवजी जमीन.

शब्द नसलेलं चित्रपुस्तक भेट आलं. त्यात वाचायचं काय? (एक बाबा, वरळी)

पहिल्या फेरीत काहीच नाही. नुसती पानं उलटा, तोंड बंद. दुसऱ्या फेरीत मूल बोलेल. मध्ये ‘हा रंग कुठला, ही किती माणसं’ अशी परीक्षा घेतलीत की ते गप्प होईल. तिसऱ्या फेरीला त्याची वाक्यं चिकटचिठ्ठ्यांवर लिहून पानांवर लावा. महिन्याने चिठ्ठ्या काढून पुन्हा सांगायला लावा, गोष्ट बदललेली असते. एका पुस्तकाच्या किमतीत चार पुस्तकं झाली की.

मुलगा दुसरीत. आपणहून गोष्टी लिहितो, पण ‘आनी मांझर पळालि’ असं. घरी मालवणी बोलतो, तीही मध्येच येते. सुधारू की सोडू? (एक आई, लालबाग)

या तीन शब्दांत तुमच्या मुलाचा कान किती तयार आहे ते बघा. ‘मांजर’मधला ज ‘जावई’तला आहे, ‘जन्म’मधला नाही. दोन्हींना आपण एकच अक्षर वापरतो, आणि मुलाने वेगळा आवाज ऐकून जवळचं अक्षर शोधलं. ‘पळालि’ला नियम आहे: मराठी शब्दाच्या शेवटी वेलांटी दुसरी, उकार दुसरा. ‘आणि’ हा त्याला अपवाद, म्हणून तिथे पहिली. अपवादाला दुसरी आणि नियमाला पहिली दिली, ही निव्वळ अदलाबदल आहे. राहिला न-णचा घोळ. तो मोठ्यांचाही संपत नाही.

कच्च्या लिखाणाला हात लावू नका. लाल पेन तर नकोच. मूल चुकेल असे शब्द टाळून गोष्ट आखडती करू लागतं, आणि मांजर पळायच्या ऐवजी नुसतं ‘बसतं’. गोष्टीचं पुस्तक करायचं ठरलं की मात्र पक्की प्रत करा, कारण आता ती दुसरं कोणी वाचणार. त्या वेळीही एकाच प्रकारची चूक निवडा, उदाहरणार्थ शेवटची वेलांटी, आणि असे तीन शब्द त्याला स्वतःला शोधू द्या. बाकीच्या चुका पुढच्या पुस्तकात.

मालवणीचं उत्तर सोपं आहे. निवेदन त्याला जमेल तसं, पण गोष्टीतली आजी जर मालवणी असेल तर तिने ‘खंय गेल्लंस?’ असंच विचारलं पाहिजे. ‘कुठे गेला होतास’ म्हणणारी आजी खोटी वाटेल. मालवणी बोलण्यातलं शुद्धलेखन तपासायला तर मुळीच जाऊ नका.

सोसायटीत मुलांसाठी पुस्तकं छापून ठेवायची आहेत. फुकट आणि कायदेशीर कुठे मिळतील? (मुलुंड)

प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर मराठी चित्रकथा आहेत. खुल्या परवान्यामुळे त्या छापता येतात, भाषांतरही करता येतं. लेखक, चित्रकार नि प्रकाशकाचं श्रेय असलेलं पान मात्र गाळायचं नाही. पुस्तिका म्हणून छापताना पानसंख्या चारच्या पटीत करून घ्या. दोन्ही बाजूंना छापताना कागद आखूड कडेवर उलटायचा पर्याय निवडा. लांब कड निवडली तर मागचं प्रत्येक पान डोक्यावर उभं राहतं, आणि ते कळतं शंभर कागद बाहेर आल्यावर. आधी एक प्रत काढा.

मी पाचवीत आहे. मी चार पुस्तकं लिहिली. स्टेपलरच्या पिना पावसाळ्यात गंजल्या, पानांवर तांबडे डाग पडले आणि एक पुस्तक सुटलं. काय करू? (एक वाचक, विक्रोळी)

तू पुस्तक शिव. मुंबईच्या हवेत पिना गंजणारच, दोरा गंजत नाही.

चार ए-फोर कागद एकत्र अर्धे दुमडले की सोळा पानं होतात. बाहेरून कार्डशीटचं मुखपृष्ठ. कार्डशीट घ्यायच्या आधी हाताने दोन्ही दिशांनी हलकेच वाकवून बघ. ज्या दिशेने सहज वाकतं, त्या दिशेची घडी स्वच्छ बसते. दुसऱ्या दिशेने दुमडलंस तर घडीवर तडे जातात.

घडी २१ सेंटिमीटर लांब असते. आतल्या बाजूने तीन खुणा कर: एक बरोबर मध्ये, साडेदहावर, आणि दोन टोकांपासून तीन-तीन सेंटिमीटरवर. खाली वर्तमानपत्रांचा गठ्ठा ठेवून दाभणाने भोकं पाड. हे काम घरातल्या मोठ्या माणसाला शेजारी बसवून करायचं. गोधडीचा जाड दोरा ५५ सेंटिमीटर घे आणि मेणबत्तीवरून दोनदा ओढ, म्हणजे गुंता होत नाही.

आतून मधल्या भोकात सुई घाल नि बाहेर काढ. शेपूट दहा सेंटिमीटर आत राहू दे. बाहेरून वरच्या भोकात, आत ये. आतून मधलं भोक ओलांडून थेट खालच्या भोकातून बाहेर जा. बाहेरून पुन्हा मधल्या भोकात, आत. इथे सुई आधीच्या दोऱ्यात घुसवू नकोस, नाहीतर ओढता येणार नाही. आता आत दोन टोकं आहेत आणि त्यांच्यामधून एक लांब टाका जातो. एक टोक त्या टाक्याच्या डावीकडे, दुसरं उजवीकडे घे आणि टाका मध्ये धरून गाठ मार. दोन्ही टोकं एकाच बाजूला राहिली तर टाका सैल पडतो. ओढायचं ते घडीच्या दिशेने. वर खेचलंस तर कागद फाटेल.

पाठीवर कापडाची पट्टी लावायची असेल तर मैद्याची खळ घरी शिजव. बायंडरकडची आणू नकोस, कीड लागू नये म्हणून तिच्यात बऱ्याचदा मोरचूद घालतात आणि तो विषारी असतो.

पुस्तक मिटल्यावर आतली पानं बाहेरच्यांपेक्षा थोडी पुढे येतील. ती चूक नाही, कागदाच्या जाडीमुळे होतं. सहापेक्षा जास्त कागद घेतलेस तर फारच येतील. जाड पुस्तक हवं असेल तर चार-चार कागदांचे दोन गठ्ठे वेगळे शिवून ते गोष्टीचे भाग एक आणि दोन कर. पुढची कड शेवटी, शिवून झाल्यावर, स्टीलची पट्टी धरून मोठ्यांकडून कापून घे. मजकूर लिहितानाच त्या कडेला दीड सेंटिमीटर जागा सोडलेली बरी, नाहीतर ओळीचं शेवटचं अक्षर कटरखाली जाईल.