बेसमेंटची भिंत गळतेय? आतून कोट मारण्याआधी हे बघा

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: पुण्यातली सोसायटी, पार्किंगचं बेसमेंट, मातीकडच्या आरसीसी भिंतीला उभ्या भेगा, दर पावसाळ्यात खाली पाणी, आणि ठेकेदार सांगतोय की आतून वॉटरप्रूफिंगचे दोन कोट मारले की झालं. कमिटीने या कामाला होकार देऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

भिंतीमागे पाणी तुंबलं की दर मीटर खोलीला चौरस मीटरमागे साधारण एक टन दाब वाढतो. तीन मीटर खोल बेसमेंटमागची माती वरपर्यंत भिजली असेल, तर तळाशी चौरस मीटरला तीन टन नुसता पाण्याचाच. बाहेरून केलेलं वॉटरप्रूफिंग हा दाब भिंतीवर आवळून बसवतो. आतून मारलेल्या कोटाला मात्र तोच दाब उचकटून काढतो. आधी फुगे, मग पोपडे, मग पुन्हा ठेकेदाराला फोन.

उभी भेग दिसली की लोक घाबरतात, पण बहुतेकदा ती आकुंचनाची असते. काँक्रीट वाळताना आक्रसतं. खालचा राफ्ट (पायाचा जाड स्लॅब) आधीच घट्ट झालेला असतो, तो भिंतीला हलू देत नाही, म्हणून लांब भिंत ठरावीक अंतराने तडकते. काँक्रीट बांधकामाचं भारतीय मानक आयएस 456, त्यातही भेग पडणारच हे धरलेलं आहे. माती किंवा भूजलाला लागून असलेल्या भागात तिची रुंदी 0.2 मिमीच्या आत ठेवा, एवढंच ते म्हणतं. क्युरिंगची, म्हणजे काँक्रीटला पाणी मारत राहण्याची, चालढकल झाली की भेगा रुंद होतात. फ्लायॲशच्या (कोळशाची राख मिसळलेल्या) सिमेंटला किमान 10 दिवस पाणी मारायला हवं. साइटवर किती दिवस मारतात, ते आपण सगळेच जाणतो. आडवी भेग असेल, भिंत आत फुगलेली वाटत असेल किंवा तिरकी भेग वाढत चालली असेल, तर मात्र ठेकेदार बाजूला ठेवा आणि आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा.

भेगा डोळ्यात भरतात खऱ्या, पण पाणी बऱ्याचदा दुसरीकडूनच येतं. भिंत आणि राफ्टचा सांधा नीट बघा. शटरिंगच्या तळाशी पडलेला भुसा, बाइंडिंग वायरचे तुकडे, माती, हे काही न धुता वरून काँक्रीट ओतलं की तिथे कायमची फट राहते. टाय रॉडची (शटरिंग आवळून धरणाऱ्या सळयांची) भोकं वरवर सिमेंटने लिंपलेली असतात, तीही गळतात. व्हायब्रेटर नीट फिरला नसेल तिथे खडी उघडी पडलेली सापडेल. तो भाग ठोकला की पोकळ वाजतो.

दुरुस्तीला हात घालण्याआधी पाणी कुठलं ते ठरवा. उन्हाळ्यातही ओल राहते का? भिंतीला लागून अंडरग्राउंड टाकी असेल तर रात्री इनलेट आणि पंप दोन्ही बंद करून पातळीची खूण करा, सकाळी बघा. ड्रेनेजच्या चेंबरमध्ये रंग टाकून तो भिंतीतून उतरतो का तेही पाहता येतं. गच्चीचा पाइप भिंतीच्या मुळाशीच मोकळा सोडलेला असतो किंवा पेव्हर ब्लॉकचा उतार इमारतीकडे असतो, असं तर सर्रास. हे सुधारायला फार खर्च येत नाही, आणि त्याने गळती बरीच उतरते. भिंतीमागे मुरमाऐवजी राडारोडा भरलेला असेल तर पाणी त्या पोकळ्यांत साठून राहतं.

आता मूळ दुरुस्ती. भेगेत पीयू (पॉलियुरेथेन रेझिन) इंजेक्शन करून घ्या. भेगेच्या बाजूने 45 अंशात, एकदा डावीकडून एकदा उजवीकडून, अशी भोकं पाडायची की ती भिंतीच्या मध्यावर भेगेला छेदतील. 200 मिमीची भिंत असेल तर भोक भेगेपासून सुमारे 100 मिमीवर सुरू होतं. सळई लागली तर जागा बदलायची, ती कापायची नाही. पॅकर (भोकात बसणारी, पंप जोडायची नळी) बसवून खालून सुरुवात करायची. वरच्या पॅकरमधून माल डोकावला की पंप तिकडे न्यायचा. वाहत्या पाण्यात आधी फेस होणारं पीयू जातं, पण त्यावर थांबणाऱ्याला पैसे देऊ नका. फेस वाळल्यावर आक्रसू शकतो, म्हणून मागोमाग फेस न होणारं रेझिन भरायलाच हवं. इपॉक्सी ताकदीसाठी उत्तम, पण भेग कोरडी आणि न हलणारी हवी. साध्या सिमेंट ग्राउटचे कण केसासारख्या भेगेत शिरतच नाहीत. ते उघड्या पडलेल्या खडीच्या पोकळ्यांसाठी ठीक. गंजाचे डाग असतील तर तेवढं काँक्रीट फोडून सळई साफ करून पॉलिमर मॉर्टर भरा. एवढं झाल्यावर आतून क्रिस्टलाइन कोट (काँक्रीटच्या छिद्रांत स्फटिक होऊन पाणी अडवणारा) मारायला माझी हरकत नाही.

बाहेरून खणून मेम्ब्रेन (पाणी अडवणारा थर) लावणं सर्वांत चांगलं, पण कंपाउंडला चिकटलेल्या भिंतीला ते जमत नाही. तिथे आत भिंतीलगत पन्हळ काढून पाणी सम्पमध्ये (पाणी जमा करून उपसायच्या खड्ड्यात) न्यावं. त्यात कमीपणा नाही.

ताबा मिळून 5 वर्षं झाली नसतील तर खिशात हात घालूच नका. रेरा कायद्याच्या कलम 14 नुसार बांधकामातला दोष तुम्ही कळवल्यापासून 30 दिवसांत बिल्डरने विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. पत्र लेखी द्या, पोच घ्या. आणि पाऊस चालू असतानाच प्रत्येक गळतीभोवती ऑइल पेंटने गोल करून फोटो काढा. दिवाळीनंतर भिंत कोरडी पडली की कुठून गळत होतं यावर कमिटीत नुसती भांडणं होतात.