उंच माणसासाठी लहान इंजिनाची टू-स्ट्रोक ऑफ-रोड बाईक कोणती घ्यावी?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: उंची ६ फूट ३ इंच, वजन ८८ किलो, रेस करायची नाही, जंगलातल्या अरुंद वाटा, दगड, चिखल, चढ हेच चालवायचंय, गाडी हलकी हवी म्हणून १२५-१५० सीसीची टू-स्ट्रोक डोक्यात आहे पण ओळखीतले सगळे म्हणतायत की एवढ्या उंच माणसानं लहान गाडीच्या नादी लागू नये, सरळ ३०० घ्यावी. मी स्वतः सहा फुटांच्या बराच वर आहे आणि लहान टू-स्ट्रोक माझा जीव की प्राण आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी हे डोक्यातून काढा की इंजिन लहान म्हणजे गाडी लहान. हे फक्त ८५ सीसीला लागू पडतं. ८५ ला चाकंच छोटी असतात, पुढं १७ आणि मागं १४ इंच, नाहीतर बिग व्हील असेल तर १९ आणि १६, सीट ८६-८७ सेंटीमीटरच्या आसपास, त्यावर तुम्ही बसलात तर बालवाडीच्या बाकावर बसल्यासारखे गुडघे छातीला येतील. पण १२५ पासून पुढं सगळ्या पूर्ण आकाराच्या गाड्या. यामाहा वायझेड१२५ ची सीट साधारण ९७-९८ सेंमी, केटीएमच्या १२५ आणि १५० ची ९५-९६ च्या घरात, पुढं २१ इंची चाक, मागं मोटोक्रॉस (ट्रॅकवरच्या रेसची) असेल तर १९ आणि एन्ड्युरो (जंगल-वाटांची) असेल तर १८. एकाच कंपनीची १२५ आणि २५० शेजारी लावली तर सीट, पेग (पाय ठेवायचा आधार) आणि हँडल जवळपास त्याच जागी सापडेल. म्हणजे ३०० घेतल्यानं पायाला जागा वाढत नाही, वाढते ती ताकद आणि थोडं वजन. ज्यांनी तुम्हाला ३०० सांगितली त्यांचा हेतू चांगलाच असेल पण उंचीचं उत्तर त्यात नाही.

मग सीसी कशावरून ठरवायची? तुमच्या वजनावरून आणि वाटेवरून. १२५ मोटोक्रॉस इंजिन ३५-४० अश्वशक्तीच्या घरात जातं, आकडा दांडगा वाटतो पण ती सगळी वरच्या आरपीएमला, खाली जवळजवळ काही नाही, पॉवरबँड, म्हणजे ताकद देणारा आरपीएमचा पट्टा, सुटला की चढावर गाडी बसलीच म्हणून समजा. ६५ किलोचा पोरगा क्लचवर एक बोट टाकून ती परत उठवतो, पण तुमचे ८८ अधिक हेल्मेट, बूट, आर्मर, पाण्याची पिशवी मिळून ९५ च्या वर जातात, म्हणजे गाडी ९५ किलोची आणि तुम्हीही तेवढेच. अशा वेळी ओल्या मुळांच्या चढावर १२५ सतत किंचाळत ठेवायला लागते, मजा येते यात शंका नाही, पण दोन तासांनी हात आणि क्लच दोन्ही दमतात. १५० म्हणतात ती खरं १४४ सीसी असते, कागदावर २० सीसीचा फरक पण मधल्या आरपीएमला तो चांगला जाणवतो, एक गिअर वर ठेवून निघता येतं. आणि २०० म्हणजे माझ्या मते तुमच्यासारख्या माणसाला ट्रेलवर सगळ्यात गोड जागा, खाली पुरेसा दम आणि अंगाला ३०० सारखा जडपणा नाही.

नावं घेऊन बोलायचं तर: केटीएम १५० ईएक्ससी आणि तिचीच भावंडं हुस्कवर्ना टीई १५०, सहा गिअर, मागचं चाक १८ इंची, २०२० पासून इंजेक्शन असलेल्या आल्या म्हणजे उंचीवर आणि थंडीत जेटिंग (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोलचं माप) बदलायची कटकट गेली आणि ऑइलची टाकीही वेगळी. यामाहा वायझेड१२५एक्स ही २०२० ला आलेली, वायझेड१२५ चीच पण जंगलासाठी, मऊ सस्पेन्शन, १८ इंची चाक, साईड स्टँड, कार्ब्युरेटर आणि फक्त किक. किकची काळजी तुम्ही करू नका, एवढ्या उंच सीटवर बसून किक मारणं बुटक्या लोकांना अवघड जातं, लांब पायांना नाही. बीटा आरआर २०० ही २०१९ पासूनची, बटण स्टार्ट, ऑइल आपोआप मिसळतं, स्वभावानं शांत, फक्त सीट केटीएमपेक्षा जरा खाली आहे तेव्हा तुम्हाला उंच सीट टाकावी लागेल. जुन्यात केटीएम २०० ईएक्ससी, १९३ सीसी, २०१६ पर्यंत बनली, मग तिची जागा १५० नं घेतली, चांगल्या अवस्थेतली दिसली तर सोडू नका. कावासाकी केडीएक्स२०० बद्दलही कोणीतरी सांगेलच, १९८३ ते २००६ इतकी वर्षं चाललेली गाडी, इंजिन फार प्रेमळ आहे, पण सीट ९२ सेंमीच्या आसपास, हँडल खाली, सस्पेन्शन मऊ, ६ फूट ३ ला ती मी सुचवणार नाही.

आता मुख्य मुद्दा, गाडी अंगाला बसवणं. सगळे सीटची उंची बघतात कारण ती कागदावर छापलेली असते, पण उंच माणसाला जमिनीपर्यंत पाय पोचवायचा प्रश्नच नसतो, त्याचा प्रश्न सीट ते पेग आणि पेग ते हँडल या दोन अंतरांचा. ती कागदावर नसतात, गाडीवर चढूनच कळतात. शोरूममध्ये किंवा जुनी बघायला जाल तेव्हा राईडिंगचे बूट घालून जा, कोणाला तरी गाडी धरायला सांगा आणि बसू नका, पेगवर उभे राहा. गुडघे किंचित वाकलेले, नजर लांब समोर, हात आपोआप ग्रिपवर पडले पाहिजेत. हात पोचवायला कंबरेतून वाकावं लागत असेल तर हँडल खाली आहे, आणि ट्रेलवर तुम्ही बहुतेक वेळ उभेच असणार, म्हणजे संध्याकाळी पाठ बोलणार. मग बसा आणि बसल्यावर पुन्हा उभे राहा, गुडघा काटकोनापेक्षा फार जास्त दुमडला जात असेल तर दर वळणाला उठणं-बसणं हीच एक कसरत होऊन बसते.

इथं एक गोष्ट फार लोक बघत नाहीत. दोन माणसं ६ फूट ३ असली तरी एकाचे पाय लांब असतात, दुसऱ्याचं धड आणि हात लांब, आणि दोघांचा उपाय वेगळा. पाय लांब असतील तर आधी सीट आणि पेग. २०-२५ मिलिमीटर उंच फोमची सीट मिळते, तिनं गुडघा मोकळा होतो आणि बसण्या-उठण्यातलं अंतर कमी होतं, माझ्या गाडीवरचा हाच सगळ्यात आधीचा बदल असतो. पेग ५ ते १० मिमी खाली घेतले तर दुहेरी फायदा, सीटपासूनचं अंतर वाढतं आणि उभं राहिल्यावर हँडलही तेवढंच उंच लागतं. पण खाली घेतलेला पेग दगडाला आणि खोल चाकोरीला लवकर लागतो, तुमच्याकडं खडक जास्त असतील तर ५ वर थांबा. पेग हलले की गिअरचा लिव्हर आणि ब्रेकचा पेडल पुन्हा लावावाच लागतो, आणि तुमचा बूट ४६-४७ नंबरचा असेल तर थोडा लांब गिअर लिव्हर टाका, नाहीतर बूट लिव्हरखाली जातच नाही आणि ऐन चढावर गिअर पडत नाही.

धड लांब असेल तर हँडल. उंच बेंडचा बार किंवा १०-२० मिमीचे रायझर (हँडल वर उचलणारे तुकडे), बास. चाळीस-पन्नास मिमी वर नेलेली हँडलं मी बघितलीत, उभं राहायला ती मस्त वाटतात पण बसून वळताना पुढच्या चाकावर वजनच राहत नाही आणि पुढचं चाक बाहेर सरकतं. केटीएमच्या क्लॅम्पवर हँडल पुढं-मागं करायची सोय असते, आधी ते फुकटचं करून बघा, कितीतरी वेळा उंची ठीक असते, फक्त पुढं जागा हवी असते. रायझर लावल्यावर हँडल दोन्हीकडं पूर्ण वळवून क्लच केबल आणि ब्रेकचा होज ताणला जातोय का हे मात्र बघायचंच, यात हयगय नको.

पण या सगळ्याच्याही आधी पैसे घालायचे ते स्प्रिंगवर, आणि हे मी अगदी आग्रहानं सांगतोय. लहान टू-स्ट्रोकवर कंपनीचे स्प्रिंग साधारण ६५-७५ किलोच्या माणसासाठी असतात. तुम्ही बसलात की मागचं टोक खाली बसतं, पुढचं वर येतं, आणि उंच माणूस गुडघ्यांना जागा करायला आपोआप मागं सरकून बसतो त्यामुळं ते आणखीच बसतं. मग गाडी वळत नाही, चढावर पुढचं चाक उचलतं आणि माणूस म्हणतो गाडी मला लहान पडते. ती लहान नसते, खचलेली असते. मागचा सॅग, म्हणजे वजनानं सस्पेन्शन जेवढं खाली बसतं ते अंतर, पूर्ण गिअर (हेल्मेट, बूट, आर्मर) घालून १००-१०५ मिमीला आणा, मग गाडीवरून उतरा आणि नुसत्या गाडीचा सॅग मोजा. तो ३०-४० मिमी आला तर स्प्रिंग बरोबर. अगदी कमी किंवा शून्य आला तर स्प्रिंग तुम्हाला मऊ आहे, हे ऐकायला उलटं वाटतं पण मऊ स्प्रिंगला आवळून आवळून सॅग जमवलेला असतो म्हणून तसं होतं. मागचा स्प्रिंग बदलला की पुढच्या फोर्कचाही बदला, एकच टोक कडक केलं तर गाडी विचित्र वागते.

ताकद कमी वाटली तर एक्झॉस्ट वगैरेच्या मागं लागायच्या आधी गिअरिंग बदला. वायझेड१२५ वर १३/४८ असतं, म्हणजे पुढच्या स्प्रॉकेटला १३ दात आणि मागच्याला ४८, पुढचा स्प्रॉकेट १२ चा केला की ते मागं ५२ टाकल्याइतकंच होतं, वरचा वेग थोडा जातो पण जंगलात तो लागतोय कुठं.

जुनी घेणार असाल तर इंजिन थंड असताना बघायला जा, मालकानं आधीच गरम करून ठेवली असेल तर परत या. टॉप एंड (पिस्टन-रिंगचं काम) किती तासांपूर्वी केला ते विचारा, पिस्टन आणि रिंग हा टू-स्ट्रोकचा नेहमीचा खर्च आहे आणि फोर-स्ट्रोकच्या मानानं सोपा आहे, पण क्रँकच्या बेअरिंगला खेळ असेल तर आख्खं इंजिन खोलावं लागतं. पॉवर व्हॉल्व्ह (एक्झॉस्टच्या तोंडाशी असलेली झडप) काजळीनं अडकला असेल तर मधला दम जातो आणि लोक इंजिनच मेलं समजतात, साफ केला की गाडी जागी होते, तेव्हा तेवढ्यावरून चांगली गाडी नाकारू नका. कार्ब्युरेटरवाल्या गाडीत ४०:१ म्हणजे ५ लिटरला १२५ मिली ऑइल, मालक कुठलं ऑइल किती घालत होता हे त्याला पटकन सांगता आलं पाहिजे.

तर माझी निवड: नवीन घ्यायची तर १५० ईएक्ससी किंवा उंच सीट टाकून बीटा २००, जुनी घ्यायची तर केटीएम २००, आणि वायझेड१२५एक्स तेव्हाच, जेव्हा तुम्हाला इंजिन पिळून चालवण्यात खरा आनंद वाटतो. ढांगेचं माप आणि पूर्ण गिअर घालून वजन इथंच खाली कळवलंत तर आधी पेग-सीट की हँडल ते नक्की सांगतो.