‘शासनमान्य’ ठेकेदार आणि गळका स्लॅब: वाचकांचे प्रश्न

पहिला पाऊस पडला की घरदुरुस्तीची पत्रं वाढतात. या वेळी बहुतेकांचं विचारणं एकच: ठेकेदाराचं लायसन रद्द कसं करायचं? उत्तर कामागणिक बदलतं, म्हणून निवडक पत्रं घेतो.

भाऊ, मे महिन्यात जुन्या घरावरचे कवेलू काढून दोन खोल्यांवर स्लॅब टाकला. ठेकेदाराच्या गाडीवर ‘शासनमान्य ठेकेदार’ लिहून हाये. पयल्याच पाण्यात स्लॅब गळाला. त्याले सांगतलं तं म्हणते, ‘पाणीच जास्त पडलं, मी काय करू?’ याचं लायसन रद्द करासाठी अर्ज कुठं देऊ? (एक शेतकरी, ता. आर्णी, जि. यवतमाळ)

रद्द करायला तसं लायसनच नाही. महाराष्ट्रात खासगी घर बांधणाऱ्या किंवा दुरुस्त करणाऱ्या ठेकेदाराला राज्याचा परवाना लागत नाही. ‘शासनमान्य’ म्हणजे बहुधा सार्वजनिक बांधकाम विभागाकडची नोंदणी. ती सरकारी कामांच्या निविदा भरण्यासाठी असते. सरकारी इमारत बिघडवली तर विभाग त्याला काळ्या यादीत टाकू शकतो, तुमच्या स्लॅबसाठी टाकणार नाही. अर्जावर आवक शिक्का मिळेल, तेवढाच. (अमेरिकेत कॅलिफोर्नियात घरदुरुस्तीच्या ठेकेदारांसाठी 1929 पासून परवाना मंडळ आहे आणि ते परवाना काढूनही घेतं. आपल्याकडे तसं काही नाही, आणि ही मोठी उणीव आहे असं माझं मत आहे.)

तरी त्या गाडीवरच्या अक्षरांचा फोटो आजच काढून ठेवा. नोंदणी खोटी किंवा मुदत संपलेली निघाली, तर नसलेली मान्यता दाखवून गिऱ्हाईक मिळवणं ही ग्राहक कायद्याप्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा ठरते. तक्रारीत तो मुद्दा जोडता येतो.

तुमचा खरा रस्ता यवतमाळच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जातो. घरबांधणी ही ‘सेवा’ आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 1993 मध्ये लखनौ विकास प्राधिकरणाच्या प्रकरणात सांगितलं. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यातही ते तसंच आहे. तुम्ही दिलेली रक्कम 50 लाखांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्हा आयोगाकडे चालतं, 5 लाखांपर्यंत फी लागत नाही आणि वकील देणं सक्तीचं नाही. तक्रार ऑनलाइनही दाखल होते. 1915 या राष्ट्रीय हेल्पलाइनवर आधी विचारून घ्यायलाही हरकत नाही.

आता स्लॅबकडे येऊ, कारण आयोगासमोर सगळं त्यावरच ठरेल. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 च्या आसपास असतो. भारतीय मानक 456 सांगतं की उष्ण आणि कोरड्या हवेत काँक्रीट किमान 10 दिवस सतत ओलं ठेवावं, आणि सिमेंट पीपीसी (राख मिसळलेलं) असेल तर 14 दिवस. दुकानात हल्ली बहुतेक पीपीसीच मिळतं, पोत्यावर छापलेलं असतं. किती दिवस तराई झाली ते आठवा. आणि ती कोण करत होतं, हेही आठवा. खेड्यात ठेकेदार स्लॅब टाकून जातो आणि पाणी मारायचं काम घरच्यांवर येतं. पाणी घरच्यांनी मारायचं ठरलं होतं आणि ते चार दिवसांतच थांबलं, तर ठेकेदार नेमकं तेच पुढे करेल. तसं असेल तर तक्रारीचा भर उताराचा अभाव, नीट न ठोकलेलं काँक्रीट आणि पॅरापेटचा, म्हणजे गच्चीच्या कठड्याचा, सांधा यावर ठेवा.

गळती नेमकी कुठून आहे हे पाहण्यासाठी उघाड मिळाली की स्लॅबवर मातीचा किंवा सिमेंटचा बांध घालून इंचभर पाणी दिवसभर साठवा आणि खालून पाहा. मधोमध ओल आली तर दोष काँक्रीटमध्ये, फक्त भिंतीकडेने आली तर सांध्यात. या पाहणीला एखादा डिप्लोमा किंवा डिग्री झालेला सिव्हिल इंजिनिअर बोलवा, त्याच्याकडून फोटोंसह लेखी अहवाल घ्या. तोवर कुणाकडूनही वर केमिकल मारून घेऊ नका. एकदा थर चढला की मूळ दोष दाखवायला काही उरत नाही.

मग ठेकेदाराला स्पीड पोस्टाने पोच घेऊन नोटीस पाठवा: दोष हे, दुरुस्तीला 15 दिवस, नाहीतर दुसऱ्याकडून करून घेईन आणि खर्च तुमच्याकडून मागेन. तो आला नाही तर दुसऱ्याकडून काम करवून बिल जपा. सिमेंटच्या पावत्या, फोनपेचे व्यवहार, व्हॉट्सॲपवरचं बोलणं, सगळं पुरावा म्हणून चालतं. मुदत दोन वर्षांची आहे.

लायसन असलेल्या इलेक्ट्रिक ठेकेदाराकडून घराची पूर्ण वायरिंग बदलली. आता कूलरला हात लावला की झिणझिण्या येतात. तो म्हणतो कूलरच खराब आहे. (एक गृहिणी, हिंगणघाट तालुका, जि. वर्धा)

आधी कूलर बंद करा आणि प्लग काढा. पत्र वाचून झाल्यावर नाही, आत्ता. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरच्या शॉकने माणसं दगावतात, आणि पाणी भरताना तो सुरूच ठेवायची सवय अनेक घरांत आहे.

तुमच्या प्रकरणात मात्र खरोखर परवाना आहे. दिवे, पंखे, स्विच बदलण्यासारखी किरकोळ कामं सोडली तर वायरिंगचं काम राज्याचा परवाना असलेल्या विद्युत ठेकेदारानेच, पात्रता प्रमाणपत्र असलेल्या माणसाच्या देखरेखीखाली करायचं, असा केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचा नियम आहे. तक्रार महावितरणकडे नेऊ नका, त्यांची जबाबदारी मीटरपर्यंत. तक्रार जिल्ह्याच्या विद्युत निरीक्षकाकडे द्यायची. हे कार्यालय राज्याच्या ऊर्जा विभागाखाली येतं आणि गावात फार कुणाला माहीत नसतं.

अर्जात एक गोष्ट ठळक लिहा: चाचणी अहवालावर, म्हणजे टेस्ट रिपोर्टवर, सही कुणाची आहे आणि तुमच्या घरी प्रत्यक्ष काम कुणी केलं. लायसन शहरातल्या माणसाचं आणि काम गावातल्या दोन पोरांचं, हा प्रकार सर्रास चालतो. अहवाल मिळालाच नसेल तर तो लेखी मागा. निरीक्षकाकडून अर्थिंगची आणि इन्सुलेशनची तपासणी करण्याची विनंती करा. कूलर दुसऱ्या घरी, चांगल्या अर्थिंगवर तपासून पाहिला तर ठेकेदाराचा दावा खरा की खोटा तेही कळेल. हे काम मात्र वायरमनकडून करवून घ्या. आणि बोर्डात 30 मिलिअँपिअरचं आरसीसीबी (करंट गळाला की लगेच वीज तोडणारं बटण) बसवलेलं नसेल तर बसवून घ्या, भांडण मिटायची वाट पाहू नका.

एवढं लक्षात असू द्या की निरीक्षकाच्या अहवालावरून परवाना निलंबित किंवा रद्द होऊ शकतो, पण त्यातून तुमचा एक रुपयाही परत येत नाही. परवान्याची तक्रार वेगळी, पैशाची वेगळी. पैशासाठी वर्ध्याचा ग्राहक आयोगच, आणि तिथे निरीक्षकाचा अहवाल तुमचा सगळ्यात वजनदार कागद असेल. दोन्ही एकाच वेळी करता येतात.

मिस्त्री रोजीवर लावला होता. साहित्य माझं, काय करायचं तेही रोज मीच सांगायचो. भिंतीची छपाई (प्लॅस्टर) उखडली. ग्राहक आयोगात जाऊ का? (साकोली, जि. भंडारा)

अवघड आहे. तुमच्या हुकमाखाली रोजीवर राबणारा माणूस कायद्याच्या भाषेत ‘वैयक्तिक सेवा’ देतो आणि ती ग्राहक कायद्याबाहेर आहे. हेच काम चौरस फुटाच्या दराने ठेक्यावर दिलं असतं तर, साहित्य तुमचं असूनही, तक्रार चालली असती. रेती मातकट होती का तेही प्रामाणिकपणे पाहा.

भिंतीच्या भेगा भरायला ठेकेदाराला दोनदा पैसे दिले. दर उन्हाळ्यात त्या पुन्हा उघडतात. (निवृत्त शिक्षक, ता. मेहकर, जि. बुलढाणा)

गुरुजी, तुमचं घर काळ्या मातीवर असेल तर भेगा भरणाऱ्याला सगळा दोष देता येणार नाही. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते, उथळ पाया तिच्याबरोबर हलतो. वरून कितीही सिमेंट भरलं तरी भिंत त्याच जागी पुन्हा फाटणार. घराभोवती तीन-चार फुटांचा पक्का ॲप्रन (जमिनीवरचा सिमेंटचा पट्टा), छताचं पाणी पायापासून दूर, आणि भिंतीला लागून असलेली मोठी झाडं असतील तर त्यांचा विचार, ही सुरुवात. त्रास जास्त असेल तर पायाची पाहणी अभियंत्याकडूनच करा.

पण ठेकेदाराने ‘पुन्हा भेग पडणार नाही’ अशी लेखी किंवा व्हॉट्सॲपवर हमी दिली असेल तर ती हमी त्याच्यावर बंधनकारक आहे. कारण न शोधता गॅरंटी विकली, ही त्याचीच चूक.

घरकुलाचा पहिला हप्ता ठेकेदाराने बयाणा म्हणून घेतला, पाया खोदला आणि गायब झाला. ठाणेदार म्हणतात दिवाणी मामला आहे. (ता. चिमूर, जि. चंद्रपूर)

प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीणमध्ये घर लाभार्थ्यानेच बांधायचं असतं, शासनाने ठेकेदार नेमायचा नसतो. तो ठेकेदार पंचायतीतल्या कुणी तुमच्या गळ्यात मारला असेल तर गटविकास अधिकाऱ्याकडे तसं लेखी द्या. पुढचे हप्ते कामाच्या टप्प्यांचे फोटो अपलोड झाल्यावर मिळतात, त्यामुळे काम अडलं की हप्ताही अडतो. अर्जात हेही लिहा.

ठाणेदारांचं म्हणणं अर्धं बरोबर. काम अर्धवट टाकणं म्हणजे फसवणूक नव्हे. भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 साठी त्याचा हेतू सुरुवातीपासूनच खोटा होता हे दिसावं लागतं. त्याने गावातल्या आणखी लोकांकडून असाच बयाणा घेतला असेल तर सगळे मिळून जा. एकट्याच्या तक्रारीत न दिसणारा हेतू तिथे दिसायला लागतो.

आई गावात एकटी राहते, पैसे मी पुण्यातून पाठवले. न्हाणीघराचं काम पार बिघडवलं. तंटामुक्त समिती वर्षभर तारखा देते आहे. तक्रार कुणी करायची, कुठे? (मूळ गाव ता. अचलपूर, जि. अमरावती)

तुम्ही पैसे दिलेत म्हणून तुम्ही ग्राहक, आणि तुमच्या संमतीने सेवा घेतली म्हणून आईही ग्राहक. 2019 च्या कायद्याने तक्रारदार जिथे राहतो किंवा नोकरी करतो तिथल्या आयोगातही तक्रार करता येते, म्हणजे पुण्यातही. तरी मी अमरावतीच सुचवेन. साक्षीदार, घर आणि ठेकेदार तिथे आहेत, आणि पुण्यातून आदेश मिळवला तरी वसुली अचलपूरलाच करायची आहे. आदेश मिळूनही त्याने तो पाळला नाही तर एक महिना ते तीन वर्षं कैदेची तरतूद आहे, हे नोटिशीत लिहिलंत तर बिघडत नाही.

समितीबद्दल: गावात मिटत असेल तर मिटवा, पण तिथल्या तारखांनी दोन वर्षांची मुदत थांबत नाही. वर्ष गेलंच आहे. पुढच्या बैठकीत ठेकेदाराकडून काम, रक्कम आणि तारीख लिहून सही घ्या. सही देत नसेल तर त्याच आठवड्यात नोटीस पाठवा.