सणासाठी घरी फ्रॉक: कापड किती, क्रम कोणता, घोळ कुठे होतो

आठ वर्षांच्या मुलीसाठी अस्तराचा घेरदार फ्रॉक, हातात तीन आठवडे, आजवर फक्त पिशव्या आणि उशांचे अभ्रे शिवलेत, आणि साटिन घेऊ का असं विचारलं आहे. साटिन नको. उसवलं की सुईची भोकं दिसत राहतात, आणि पहिल्या फ्रॉकात उसवावं लागतंच. मध्यम जाडीचं सुती कापड घ्या. चमक हवीच असेल तर कमरेचा पट्टा साटिनचा करा.

तुम्ही दिलेली मापं: छाती 26, कंबर 23, खांद्यापासून कंबर 11, कमरेखाली 18 इंच. अंगाला मोकळं बसायला छाती 28 आणि कंबर 25 धरा.

44 इंच पन्ह्यातून (कापडाच्या रुंदीतून) काठ सोडून 43 इंच हाताशी येतात. घेराचे (कमरेखालच्या भागाचे) दोन तुकडे, प्रत्येकी 32 रुंद आणि 21.5 लांब (18 अधिक 3 दुमड अधिक अर्धा इंच शिलाई), एकाखाली एक बेता. शेजारी उरलेल्या 11 इंची पट्ट्यांत पाठीचे दोन भाग बसतात. खाली आणखी 13 इंचांत पुढची बॉडी (कमरेपर्यंतचा वरचा भाग) आणि दोन साध्या अर्ध्या बाह्या. एकूण 56 इंच, म्हणजे दीड मीटरहून थोडं कमी, पण घ्या पावणेदोन मीटर, कारण सुती कापड आटतं. या मांडणीत सगळे तुकडे उभ्या धाग्यावर आणि एकाच दिशेला येतात, त्यामुळे फुलं उलटी होत नाहीत. अस्तराचा घेर 20 इंच रुंदीचे दोन तुकडे, बाहेरच्यापेक्षा इंचभर आखूड. त्याला एक मीटर पुरतं.

बेतण्याआधी कापड आणि अस्तर दोन्ही धुऊन वाळवा. अस्तर तसंच ठेवलं तर पहिल्याच धुण्यात ते आटतं आणि बाहेरचं कापड छातीवर फुगतं. शिवणीत चूक नसताना फ्रॉक बिघडलेला दिसतो.

पहिला आठवडा धुणं आणि नमुना यातच जाऊ द्या. जुन्या चादरीतून फक्त बॉडी बेता, मोठ्या टाक्यांनी जोडा आणि मुलीला घालून हात वर करायला सांगा. बॉडी हाताबरोबर वर चढली तर मुंढा (बाही जोडायची गोलाई) खोल झालाय. तो खाली नव्हे, वर आणायचा. गळा पुढे सुटत असेल तर खांद्याच्या शिवणीत गळ्याकडच्या टोकाला पाव इंच दाबा. आणि नवशिक्यांची हमखास चूक: गळ्याची माया (शिलाईसाठी कडेला सोडलेलं जादा कापड) आतल्या बाजूला असते. म्हणजे कापलेलं भोक तयार गळ्यापेक्षा लहान दिसलं पाहिजे. रेषेवरच कापलं तर गळा चहूबाजूंनी अर्धा इंच मोठा होतो, आणि त्यावर उपाय नाही. बगलेखाली इंचभर माया ठेवा, पाठीला चेनसाठी पाऊण इंच, बाकी सगळीकडे अर्धा.

दुसऱ्या आठवड्यात बेतणं आणि बॉडी. (रात्री उशिरा कात्री हातात घेऊ नका, शिलाई उसवता येते, कापलेलं नाही.) बाहेरच्या कापडाला गळ्याभोवती मायेत एक शिलाई आधीच मारा, नाहीतर हाताळताना गळा ताणतो. कापडाचे खांदे जोडा, अस्तराचे जोडा, मग दोघांचे गळे सुलट बाजू समोरासमोर ठेवून शिवा. मात्र पाठीकडचा शेवटचा दीड इंच उघडा ठेवा, चेन तिथे लागणार आहे. गोलाईत शिलाईच्या जवळपर्यंत मायेत कात मारा (कात्रीने छोटे काप द्या), मग उलटवा. बाही बगल उघडी असतानाच दोन्ही थरांना लावा आणि नंतर बाहीच्या टोकापासून कमरेपर्यंत एकच शिलाई घाला.

सगळ्यात जास्त वेळ चुण्या खातात. घेराचा मागचा तुकडा चेनसाठी मधोमध उभा कापा. शिवणी वजा जाता घेर साधारण 60 इंच उरतो, कमरेच्या जवळजवळ अडीचपट. सर्वांत लांब टाक्याच्या दोन ओळी मारा, एक कडेपासून पाव इंचावर, दुसरी अर्ध्या इंचाच्या जरा खाली, म्हणजे खरी शिलाई दोहोंच्या मधून जाईल. ओळी बगलेच्या शिवणीवरून नेऊ नका, तिथे दोरा अडकून तुटतो. घेर आणि बॉडी दोन्हीवर समान भागांच्या खुणा करा, खुणेला खूण टाचा आणि मगच बॉबिनचा (मशीनच्या खालच्या रिळाचा) दोरा ओढा. शिवताना चुण्यांची बाजू वर ठेवा, खाली राहिल्या तर दुमडून शिलाईत चेपल्या जातात. खालची दिसणारी ओळ नंतर काढून टाका. अस्तराला वेगळ्या चुण्या घालून ते आतून त्याच कमरेला जोडा.

चेन 14 इंची. आधी कच्च्या दोऱ्याने टाचून लावून पाहा: बंद केल्यावर कमरेची शिवण दोन्हीकडे एका रेषेत आली पाहिजे. पाव इंचाचा फरकही पाठीवर लगेच नजरेत भरतो. मशीन त्यानंतर, मग गळ्याचा उरलेला दीड इंच बंद करा आणि अस्तर चेनच्या पट्टीला हाताने टाचा.

सुई नवी, 11 किंवा 14 नंबर, टाका अडीच मिलिमीटर. प्रत्येक शिवण पुढच्या शिवणीला छेदण्याआधी इस्त्री करा. कमरेची माया वर बॉडीकडे दाबा, चुण्यांवर इस्त्री फिरवू नका.

दुमड सणाच्या तीन दिवस आधी, मुलगी त्या दिवशी जे पायात घालणार तेच घालून उभी असताना मापा. अर्धा इंच आत, मग अडीच इंच, आणि हाताने तुरपा. एवढी दुमड ठेवली की पुढच्या वर्षी उलगडता येते. जुन्या घडीची रेघ उरलीच तर तिच्यावर फीत लावा.