टिनातलं मटण आणि रुसलेल्या आत्या

पत्र थोडक्यात असं: "आम्ही मूळचे खानापूर तालुक्यातले, चार वर्षं सोलमध्ये. छुसोकच्या (कोरियन सुगीच्या) सणाला यांच्या ऑफिसातून स्पॅमच्या, म्हणजे टिनातल्या मांसाच्या, नऊ डब्यांची पेटी भेट आली. मामा-आत्या (माझे सासरे-सासूबाई) सध्या इथंच आहेत. मुलाला स्पॅम घातलेला बुदे जिगे (कोरियन तिखट रस्सा) जीव की प्राण. आत्यांनी डबा बघितला, काय आहे विचारलं, आणि तेव्हापासून माझ्या हातचं खात नाहीत. वेगळ्या पातेल्यात आपल्यापुरता भात लावतात. मामा म्हणतात, फौजेत टिनातलंच खाऊन दिवस काढले, त्यात काय एवढं? मी कुणाची बाजू घेऊ?"

ताई, आधी आमच्या घरातली एक भानगड ऐका. माझे आजोबा मराठा पलटणीत होते. दुसऱ्या महायुद्धात इटलीला गेले आणि येताना एक रिकामा टिनाचा डबा घेऊन आले, खाली रुंद, वर निमुळता. गोऱ्या सोल्जरांनी फेकलेला. आमच्या आजीला डबा म्हणजे डबा. तिनं त्यात खिळे भरले आणि बेळगुंदीच्या घरात गोठ्याच्या फळीवर ठेवला. पुढं वडील इंग्रजी वाचायला शिकले आणि एक दिवस त्यांनी डब्यावरची उठलेली अक्षरं मोठ्यानं वाचली: बीफ. गाईच्या मांसाचा डबा इतकी वर्षं गाईच्याच डोक्यावर! आजी आठ दिवस आजोबांशी बोलली नाही. "अगं, रिकामाच होता की," एवढंच आजोबा म्हणत राहिले. पण आजीचा राग डब्यावर नव्हताच. माहीत असून सांगितलं नाही, यावर होता.

म्हणून पहिलं विचारते: आत्यांना तुम्ही आपणहून सांगितलंत, की त्यांना चित्र बघून विचारावं लागलं? पत्रावरून तरी दुसरंच दिसतंय.

आता डब्याबद्दल. स्पॅम गाईचं नव्हे, डुकराचं मांस. 1937 साली अमेरिकेतल्या मिनेसोटात हॉर्मेल कंपनीनं ते काढलं: खांद्याचं मांस, हॅम, मीठ, साखर, पाणी आणि गुलाबी रंग टिकवणारं सोडियम नायट्राइट. कॉर्न्ड बीफ म्हणजे खारवलेलं गोमांस, ते वेगळं. आत्यांनी दोन्ही एकच धरलं असेल तर तेवढं नीट सांगा. सांगितल्यावर त्या खातील असं मात्र धरू नका. तुमच्या खानापूरच्या रानात जुनी माणसं शिकार झाली की रानडुकराचं मटण मिटक्या मारत खायची (आता शिकारीला कायद्यानं बंदी आहे), पण गावातल्या डुकराचं नाव काढलं तरी तीच माणसं थुंकायची. यात तर्क शोधायला जाऊ नका. जिभेची सोयरीक कुणाशी जुळते, कुणाशी नाही.

आणि मामांचं "त्यात काय एवढं" तरी खरं कुठं? टिनाचा जन्मच फौजेसाठी झाला, हे त्यांचं बरोबर. फ्रान्सच्या निकोला आपेरनं काचेच्या बाटल्यांत अन्न बंद करून उकळून टिकवलं आणि 1810 मध्ये सरकारकडून 12,000 फ्रँकचं बक्षीस घेतलं. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये पत्र्याच्या डब्याचं पेटंट झालं. अन्न का टिकतं हे पाश्चरनं सांगेपर्यंत मात्र बरीच वर्षं गेली, आणि तोवर घोटाळेही झाले. 1852 मध्ये ब्रिटिश आरमारानं साठ्यातले डबे फोडून बघितले तर बहुतेक सडलेले निघाले. डबा फोडायचं साधं हत्यारही उशिराच आलं, तोवर छिन्नी-हातोडा.

पण फौजी म्हणजे मिळेल ते खाणारा, हेही खरं नाही. पहिल्या महायुद्धात, 1915-16 मध्ये इराकातल्या कुतला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात आपल्या मराठ्यांच्या तीन पलटणी अडकल्या होत्या. रसद संपली, घोडे कापले जाऊ लागले, तरी हिंदी शिपायांपैकी कितीतरी जणांनी घोड्याच्या मांसाला हात लावला नाही. उपासानं गळून गेले. धर्मपुढाऱ्यांची परवानगी कळवली गेली तेव्हा अनेकांनी घास घेतला, आणि एप्रिल 1916 च्या अखेरीस कुत पडलंच. मामा पलटणीतले आहेत, त्यांना हे सांगा. आत्यांचा हट्ट त्यांना ओळखीचा वाटेल.

कोरियन शेजाऱ्यांसमोर तोंड मात्र वाकडं करू नका. बुदे म्हणजे फौजेची तुकडी. 1950-53 च्या युद्धानंतर तिथं मांस दुर्मीळ होतं. अमेरिकन छावण्यांतून बाहेर आलेलं स्पॅम, सॉसेज तिखट रश्श्यात पडलं, त्याचा हा जिगे. तिथल्या म्हाताऱ्यांना त्या डब्यात अडचणीचे दिवस दिसतात आणि मानही, म्हणून तो सणाला पेटीत घालून देतात. खुद्द अमेरिकेत मात्र त्याची चेष्टाच जास्त होते. एकच डबा, पण प्रत्येक गावात त्याची पत वेगळी.

नातवाच्या पोटाचं बघू. अमेरिकन डब्यावरच्या आकड्यांप्रमाणे 56 ग्रॅमच्या तुकड्यात 790 मिलिग्रॅम सोडियम असतं, म्हणजे सुमारे दोन ग्रॅम मीठ. मोठ्या माणसाला जागतिक आरोग्य संघटनेनं घातलेली मर्यादा दिवसाला पाच ग्रॅमची आहे, पोराला त्याहून कमी. त्यात जिगेचा रस्सा, किमची (खारवलेली आंबट-तिखट कोबी). 2015 मध्ये त्याच संघटनेच्या कर्करोग संस्थेनं प्रक्रिया केलेलं मांस आपल्या निपाणीच्या तंबाखूच्याच गटात घातलं. धोका तंबाखूएवढा आहे असा त्याचा अर्थ नाही. कर्करोग होऊ शकतो याचा पुरावा पक्का आहे, एवढाच. पण रोज 50 ग्रॅम खाल्लं तर आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे 18 टक्क्यांनी वाढतो असा त्यांचा हिशेब आहे. तेव्हा महिन्यातनं एकदा, तुकडे उकळत्या पाण्यातनं काढून. डबा फुगलेला असेल तर वास घेत बसू नका, सरळ फेका. उघडलेला डबा तसाच फ्रिजमध्ये ठेवू नका, उरलेलं दुसऱ्या भांड्यात काढा.

घरात काय करायचं? एक तवा, एक सुरी आणि एक फळी स्पॅमसाठी वेगळी काढा, आणि ती आत्यांच्या देखत काढा. आत्यांचं पातेलं वेगळं राहिलं तर राहू दे, त्यात तुमचा अपमान नाही. बोलायचं ते तुमच्या नवऱ्यानं बोलावं. पेटी त्यांच्या ऑफिसातून आली आणि आई त्यांची. सून मधे कशाला? नऊतले दोन डबे ठेवा, सात शेजारी वाटा.

आणि मामांना परत येताना मित्रांसाठी टिन आणायची हौस येईल, तेव्हा नाही म्हणा. गोमांसाचा डबा तर भारतात आणताच येत नाही, कुठल्याही रूपात. त्यापेक्षा इकडून जाताना आत्यांनी बॅगेत जो बेळगावी कुंदा (खव्याची मिठाई) दडवून नेला असेल, तो आज संध्याकाळी उघडायला लावा. वाटीत काढून आधी त्यांच्याच पुढं करा.